मोरणेचं उजवं मडगार्ड

ताजनापेठ, अकोला
ता. ४ डिसेंबर १९६०

चि. शालूस,

दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे आई खुशाल, म्हैस खुशाल, माझं गळ्याजवळचं हाडही जुळत आलं आहे. तू खुशाल आहेस की नाही, ते मात्र तुझ्या दोन ओळींच्या कार्डावरून कळत नाही. अमरावतीच्या शाळेत बाईंना शाई मोजून देतात काय?

आपली मोटार, मोरणा, चिखलदऱ्याहून ट्रकमधून घरी आली. अंगणात निंबाखाली उभी केली आहे. भंगारातल्या सांगाड्यावर आपण दोघांनी वर्षभर खपून पत्रा चढवला, आणि शर्यतीत घाटाच्या एका वळणावर कठड्याने पाव मिनिटात तो चुरगाळला. पण तू शोक करू नकोस. एस. टी.च्या वर्कशॉपातून सुटलो की मी लाकडी हातोडी घेऊन बसतो. तेलाचे डबे करणारे आपले गफ्फार चाचा शिकवायला येतात. त्यांचं म्हणणं, पत्र्याले मारू नये बाप्पा, त्याले मनवावं. खाली टणक काही ठेवलं तर पत्रा ताणला जातो, म्हणून त्यांनी सरकी भरलेली थैली ठेवायला सांगितली. आईने थैली शिवून दिली, पण सरकी पाहून भडकली. म्हशीच्या तोंडची सरकी तू मोटारीले चारून राहिला, असं दिवसातून चारदा ऐकतो.

पोचा निघाला की नाही हे डोळ्यांनी पाहायचं नसतं. डोळे मिटून तळहात फिरवायचा. उन्हं कलताना मी तसा हात फिरवत बसलो की अकोला कुठल्या कुठे जातं. धुकं, साग, कॉफीच्या फुलांचा वास, आणि वर कुठेतरी घाटमाथा. हौशी मंडळींची पुढची शर्यत फेब्रुवारीत आहे. स्टिअरिंगवर तूच बसायचं. उजवं मडगार्ड उघडून ठेवलं आहे, त्याचं मागाहून लिहीन.

लोभ आहे, तो असाच उजळत जावा.
तुझा,
धर्मपाल


अमरावती
ता. ११ डिसेंबर १९६०

ती. दादास,

शालूचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र मिळालं. अक्षर असं की पत्र आहे की पत्रा, तेच कळेना. तुलाच एकदा सरकीच्या थैलीवर ठेवून सरळ करायला हवं.

चेष्टा पुरे. दादा, मी गाडी चालवणार नाही. त्या दिवशी डावीकडे वळायचं होतं. मी वळवलंही, पण चाक वळेना. माझेच हात भीतीने आखडले असणार. घाटात जमलेली माणसं म्हणाली, बाईच्या हाती दिली की हेच होते. मी ते मनावर घेतलं नसतं, पण तू कठड्याशी पडला होतास आणि माझे हात अजून स्टिअरिंगवर तसेच होते.

आता फळ्यावर सरळ रेघ मारताना खडू थरथरतो. मुली हसत नाहीत, त्याचंच वाईट वाटतं. सुटीतही अकोल्याला येणार नाही. निंबाखाली तिला पाहणं माझ्याने व्हायचं नाही. तुला दुसरा कोणी चालवणारा मिळेल. स्वप्नात मात्र अजून जाते मी. घाट असतो, धुकं असतं, गाडी हळू हळू वर चढत असते आणि तिला स्टिअरिंगच नसतं.

आईला म्हणावं, सरकी मी पाठवीन. माया कमी करू नये.
तुझी,
शालू


ताजनापेठ, अकोला
ता. २७ डिसेंबर १९६०

चि. शालूस,

दादाचा जयभीम. आज खुशाली मागाहून.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा उठून हातोडी घेतली. मोरणेचा दरवाजा झाला, नाक झालं, रंगसुद्धा झाला. गफ्फार चाचा रोज पाहत होते. काल त्यांनी माझ्या हातातून हातोडी काढून घेतली. म्हणाले, पत्र्यातला पोचा काढून राहिला धर्मपाल, अन् पत्रातला कोण काढीन?

तर काढतो. उजव्या मडगार्डाच्या घड्या उलगडल्या, तेव्हा रीतीप्रमाणे डोळे मिटून आतून हात फिरवला. एका जागी पत्रा खरखरीत असायला हवा, तर तो आईच्या जुन्या वाळ्यासारखा गुळगुळीत लागला. डोळे उघडून पाहिलं. चंद्रकोरीएवढी जागा टायरने घासून लखलखीत झाली होती. चाचांनी चाकाच्या वर तीन बोटं जागा सोडायला सांगितली होती. मोरणेला रुबाब यावा म्हणून मी मडगार्ड खाली घेतलं आणि दीडच बोट जागा ठेवली. डाव्या वळणावर गाडी उजवीकडे कलली आणि चाक मडगार्डात अडकलं. तिथे कुणाचेही हात असते तरी ते वळलं नसतं. शालू, तुझे हात आखडले नव्हते. माझा पत्रा आखडला होता.

हे मला कधी कळलं, तेही सांगतो. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी. मला लाज वाटली. तुला सगळे बाईचा हात म्हणत होते, आणि मला मात्र कारागीर म्हणत होते. ते मला सोडवेना. खडूचं वाचून जेवण गेलं नाही, तरी पंधरा दिवस गप्प बसलो. असा तुझा दादा आहे.

आता तीन बोटं सोडली आहेत. तुझी माया राहिली असली तर कळव.
अपराधी,
धर्मपाल


अमरावती
ता. २ जानेवारी १९६१

ती. दादास,

शालूचा जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचून मी रडले नाही. फार रागावले. महिनाभर मी माझ्या हातांकडे परक्यासारखी पाहत होते, आणि तू तिकडे मोटारीला रंग देत होतास! आईला सांग, शनिवारी मी येते आहे, आणि मी आल्यावर दादाला जेवायला वाढायचं नाही. मला पाहू दे.

मग परवा वर्गात डोळे मिटून फळ्यावर रेघ मारली. उघडून पाहिलं तर सरळ होती. मुली हसल्या.

आता माझंही ऐक. घाटाच्या पहिल्या वळणापासून उजवीकडून खर्र खर्र ऐकू येत होतं. खडे उडत असतील असं मी मनाला सांगितलं. थांबून पाहू या म्हणणार होते. पण धुकं उतरलं होतं, झाडं त्यात तरंगत होती आणि तू गात होतास. आपले बाबा गेल्यापासून तुला गाताना मी ऐकलं नव्हतं. गाणं मोडवेना, म्हणून गप्प राहिले. तेव्हा त्या अपघाताचे कारागीर आपण दोघंही सारखेच.

फेब्रुवारीत मीच चालवीन. चाचांना म्हणावं, ती तीन बोटं माझ्या बोटांनी मोजून घेईन. तू शेजारी बसून खुशाल गा. पण खर्र झालं की मी गाडी थांबवीन, आणि तू रागवायचं नाहीस. खाली उतरून पाहू, आणि मग गाणं जिथे थांबलं तिथून पुढे धर.

लोभ आहेच, त्याला पोचा पडू देऊ नये.
तुझी,
शालू