उलटा उकार

४ नोव्हेंबर, हिर्डोशी

भोरला एसटी चुकली. टेम्पोत भाताच्या पोत्यांवर बसून आले. आईचा पहिला प्रश्न, "रोमला कदी जायचं?" जणू महाडलाच जायचंय!

सोमवारी माझे प्रबंधाचे मार्गदर्शक सर स्वतः येणार. देवीच्या माळेतलं तांब्याचं नाणं बघायला. मी पाठवलेल्या फोटोवरून त्यांनी सांगून टाकलंय, अस्सल रोमन. माझा अख्खा प्रबंध त्या एका नाण्यावर उभा आहे: रोमचा व्यापार आपल्या घाटवाटेने चालायचा. इटलीची शिष्यवृत्तीही त्यावरच. अर्ज सोमवारी सरांच्या शिफारशीसह जायचा.

५ नोव्हेंबर

देवस्थानच्या परवानगीचं पत्र लिहिलं. 'आमच्या देवीच्या माळेतील अस्सल रोमन नाणे...' किसनकाका गुरवांनी अंगठा दिला. आई कमिटीत आहे, तिने सही केली. यमुना. उकार नेहमीसारखा उलटा. मी लहानपणी पाटीवर काढून दिलेलं नाव, ती अजून चित्र काढल्यासारखं काढते.

काका म्हणाले, "पोरी, रोमच्या राजाला आमची देवी कशी गावली?"
"व्यापारी आले असतील, काका."
"मंग यष्टी येळेवर असंल तवा!"

७ नोव्हेंबर

मी खळ्यावर भाताच्या झोडणीला गेले होते. तेवढ्यात आईने काकांकडून माळ मागून आणली आणि नाणं चिंच-राखेने लख्ख घासलं. "सायब येनार, काळं कसं दाखवायचं?"

ओरडले तिच्यावर. दीड हजार वर्षांचा थर होता, आई! ती हात पुसत चुलीपाशी गेली.

मग भिंगातून पाहिलं. घासल्यामुळे लॅटिन अक्षरं वर आलीत. पहिला डी बरोबर. पुढचा एन उलटा. मग उभी रेघ, वर्तुळ, पुन्हा रेघ. लॅटिनमध्ये असा शब्दच नाही. चार वेळा वाचलं. वाचण्यासारखं काही नाहीच.

नक्कल. करणाऱ्याला अक्षर येत नव्हतं.

८ नोव्हेंबर

झोप नाही. गप्प बसले तर? थर तर गेलाच, सरांनी फोटोवरूनच अस्सल ठरवलंय. तीन वर्षं लॅटिन घोकलं, ते कशासाठी मग.

आईला सांगितलं, नाणं खोटं आहे.
"मंजी देवी खोटी का?"
"तसं नाही गं. रोमचं नाही. हितल्याच कोणीतरी बघून बघून केलंय."
"मंग हितलं म्हन की. खोटं कशाला म्हंतीस?"

८, संध्याकाळ

रेंजसाठी टेकाडावर गेले. सरांना फोन. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती जणांनी पाहिलंय?"
"मी. आई. गुरवकाका."
"त्यांना लॅटिन येतं का?"
"नाही सर."
"मग तेच पत्र तयार ठेव. उद्या दहाला येतो. वर्षभर चर्चासत्रांत सांगत आलोय मी."

मी 'हो' म्हणाले. का म्हणाले?

९ नोव्हेंबर, सकाळ

पत्र पुन्हा वाचलं. 'अस्सल रोमन नाणे' आणि त्याखाली आईची सही. तिने वाचून केलेली नाही, माझ्यावर विश्वास ठेवून केलेली. त्या उलट्या उकाराकडे बघत बसले. ज्या कोणी तो उलटा एन काढला, तोही असाच जीभ दातात धरून बसला असेल. राजाचं अक्षर, वाचता येत नाही, पण काढायचंच. त्याच्याबद्दल अजून कोणीच काही लिहिलेलं नाही.

नवा कागद घेतला. 'रोमन नाण्यावरून स्थानिक कारागिराने केलेली नक्कल.' काकांना आणि आईला मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी अंगठा दिला. आईने विचारलं, "ह्यानं तुजं रोमला जानं ऱ्हाऊन जाईल का?"
"राहून जाईल बहुतेक."
तिने पेन घेतलं. सावकाश काढलं. उकार उलटाच.

जुनं पत्र फाडलेलं नाही. दोन्ही वहीत आहेत. धरणाच्या कडेने सरांची पांढरी गाडी येताना दिसते आहे. आईने चहा टाकलाय. नवं पत्र वर ठेवलं.