बाबांनी सळ्या काढायला लावल्या

प्रिय ढमे,

फोनवर मी रोज "जेवले बरं का" म्हणते ते खरंच असतं, फक्त कुठे जेवते ते सांगत नाही. बाबांना घास गिळता येईनासा झाल्यापासून मी मोरीचं दार लोटून उभ्या उभ्या भात संपवते. वास त्यांच्यापर्यंत जाऊ नये म्हणून फोडणीसुद्धा देत नाही. त्यांना पोटातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचं आणि आपण त्यांच्यासमोर मजेत चावत बसायचं, हे माझ्याच्याने होत नाही.

रविवारी त्यांनी मला पकडलंच. दारावर थाप पडली, मला वाटलं नळी निसटली. धावत दार उघडलं तर माझ्या तोंडात घास आणि हातात ताटली. त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, जेवतेस की चोरी करतेस?" मला रडू फुटलं आणि ते हसायला लागले. मग म्हणाले, "माळ्यावरच्या सळ्या काढ. आज काहीतरी खमंग कर. घराचा पार दवाखाना करून टाकलायस."

तुला नोकरी लागली तेव्हा अख्ख्या मजल्याला त्यांनी याच सळ्यांवरचं चिकन खाऊ घातलं होतं, आठवतं ना? जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस, विस्तवाजवळ दुसऱ्या कुणाला फिरकू देईल तर शपथ! माझ्याकडे फक्त शेंगदाण्याचा सॉस असायचा. या वेळी मात्र ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि शेगडीपुढे मी. चिकनच्या तुकड्यांना लसूण, हळद, लिंबू चोळून ठेवलं होतं. दाणे भाजून सालं पाखडली, लाल मिरची, चिंच, गूळ आणि नारळाच्या दुधात वाटून मंद आचेवर आटवले. तेल सुटेपर्यंत ढवळायला त्यांनीच लावलं. मग तुकडे ओवलेल्या सळ्या निखाऱ्यांवर ठेवल्या. "पालट आता. अगं, ती कडेची जळतेय! पंखा हळू मार, राख उडतेय." किती दिवसांनी माझ्यावर खेकसत होते, काय सांगू. इतकं बरं वाटलं!

मग त्यांनी मला समोर बसवून खायला लावलं. "तोंड पाडून खाऊ नकोस. कसं झालंय ते सांग." मी सांगत गेले, कडा कुरकुरीत झाल्यात, आत रसरशीत आहे, सॉस जरा जास्तच तिखट झालाय. ते डोळे मिटून ऐकत होते. आणि ढमे, खरं सांगते, मला ते इतकं आवडलं की मी न विचारता दुसरी सळी उचलली. तिसरीही. बोटं चाटताना भानावर आले आणि माझीच मला लाज वाटली. नवऱ्याच्या नरड्याखाली पाण्याचा थेंब उतरत नाही, आणि मी मिटक्या मारतेय!

तेव्हाच ते म्हणाले, "डॉक्टर पुन्हा ऑपरेशन म्हणताहेत ना, मला नाही करायचं. आता हे शरीर चिरून घ्यायचं नाही. जेवढं आहे तेवढं घरात काढू दे." माझा हात सॉसने बरबटलेला. मी म्हटलं, "बरं." एवढंच. वाद घातला नाही, तुला विचारू असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी जाऊन डॉक्टरांना तसं सांगितलं. फोनवर सांगितलं असतं तर तू "आई, समजव ना त्यांना" म्हणाली असतीस आणि मी समजवायला लागले असते, म्हणून लिहितेय. त्यांच्यावर तुझा माझ्याइतकाच हक्क आहे, तरी मी एकटीने होकार दिला. तो त्यांच्यासाठी दिला की दवाखान्याच्या खेपांना मीच कंटाळले होते म्हणून, हे मला अजून कळत नाहीये. तू माझ्यावर रागाव, बोलू नकोस हवं तर, पण रजा टाकून ये. ते तुलाही समोर बसवून जेवायला लावतील. तेव्हा रडू नकोस, पोटभर जेव. मला जमलं, तुलाही जमेल.

वाट पाहणारी, तुझीच
आई