दादाचा जुना फॉर्म

दादा,

तुझ्याकडे सुट्टीला यायचं म्हणून तुझ्या सगळ्या सूचना आईने पाठ केल्यात. औषधं हातातल्या पिशवीत, बॅगेला लाल रिबीन, पासपोर्टची झेरॉक्स वेगळी. "व्हिसाचा फॉर्म माझ्या जुन्या फॉर्मवरून बघून भर," म्हणून तू तोही पाठवलास. आज तो उघडला आणि एक ओळ दोनदा वाचली.

आईच्या रकान्यात तू लिहिलंयस, 'हयात नाही'.

फॉर्मवरची तारीख नऊ वर्षांपूर्वीची, तू निघालास तेव्हाची. त्याच आठवड्यात तिने तुझी बॅग तीनदा भरली होती. म्हातारी आई मागे आहे म्हटलं की 'उद्या तिलाही आणणार का' अशा चौकशा वाढतात, हे कळतं रे मला. पण हात कसा धजावला तुझा? आणि पाठवताना तुला ते आठवलंसुद्धा नाही!

आई शेजारीच तुझ्यासाठी घेतलेल्या मोज्यांच्या घड्या घालत होती. "बघू, माझं काय लिहिलंय त्याने?"

"नाव बरोबर लिहिलंय," म्हणत मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मग तिचा फॉर्म घेतला. मुलं किती, विचारलं.

"दोन. दादाचं आधी घाल."

घातलं. हे पत्र मात्र पाठवणार नाही. ती ओठ हलवत पाठांतर करतेय, व्हिसाच्या खिडकीवरच्या साहेबाने विचारलं तर सांगायचं, "मी त्याची आई."

तुझी धाकटी