अंगणातलं डिझेल

आलापल्ली,
८ डिसेंबर २०२४

ती. बाबांच्या पायाशी रीताचा शि. सा. न.

पत्र शेजारच्या बाबूचाचांच्या रईसच्या हाती देऊन राह्यली आहे. फोनवर तुमाले ऐकू येत नाई अन् मी ओरडली की सारी आलापल्ली ऐकते, त्यापेक्षा हे बरं. इंजिनांच्या आवाजात कान गेले ते गेले, पण डॉक्टरनं दिलेली मशीन तुमी डब्यात ठेवून देता हे रईसनं मले सांगतलं. आता हे वाचून त्याच्यावर रागावू नका.

इथी सगळे बरे. छकुली शाळेतून येते अन् आल्यावर मलेच शिकवते. यांचं दुकान आता नुसतं टायर-पंक्चरचं राह्यलं नाई. खाणीच्या गाड्या दिवसभर दारावरून जातात, म्हणून यांनी अंगणात टिनाचं शेड टाकून डिझेलचे ड्रम ठेवले. पंपापेक्षा स्वस्त पडते, तं ड्रायव्हर लोक थांबतात. सासूबाई कुरकुर करतात की तुळशीलेही वास येते, पण घराले रंग लागला तेव्हापासून त्याही फार बोलत नाईत.

रईस काल इथंच जेवला. पोपटाच्या शेंगांची भाजी केली होती, भाताचा डोंगर फस्त केला त्यानं. भद्रावतीच्या फरहाशी लग्न ठरलं तं खाणं कमी कर म्हणलं, तं म्हणे, ताई, लग्नानंतर कोण पोटभर खाऊ देते? बाबूचाचांची गाडी धूर फेकते अन् चढावर दम टाकते म्हणे. तुमच्याकडे लावणार आहे, पाहून घ्या. यांनी स्वतः पाइप धरून त्याची टाकी भरून दिली. घरचा पोरगा आहे, दुसरीकडे कशाले जाईल?

जमीलाचाचीले सलाम सांगा. मशीन कानाले लावा.

तुमची माया अशीच असू द्या.
रीता

*

राजुरा,
१२ डिसेंबर २०२४

चि. सौ. रीतास सोमाजीचे अ. आ.

पत्र पोचलं. मशीन लावली, शिट्टी वाजते, काढून ठेवली.

बाबूभाईची गाडी दुकानात उभी करून इंजेक्टर काढले. नोझलचं तोंड जळालं आहे, पंपाच्या आत ओरखडे आहेत. फिल्टर उघडलं तं आत तपकिरी चिकट राळ, बोटाची सुटता सुटेना. बेटा, हे डिझेल नाई. कोणत्या तरी कारखान्याचं तेल आहे, पातळ करायले त्यात आणखी काही टाकलं आहे. गाडीले बाकी ठिकाणी वंगण आपण घालतो, पण पंपाले अन् इंजेक्टरले डिझेलच वंगण असते. तेच खोटं असलं की लोखंड लोखंडाले खाते. अन् राळेनं फिल्टर चोंदलं की भरल्या गाडीचं इंजिन नेमकं चढावर बंद पडते, जोर तिथंच लागते म्हणून.

रईसले विचारलं कुठी भरतो. तो हसला अन् तुझ्या पत्राकडे बोट दाखवलं.

म्हणून तुलेच विचारतो. धनराजचे ड्रम कुठून येतात? काचेच्या पांढऱ्या बाटलीत थोडं घे, न हलवता ठेव, सकाळी उजेडात धरून पाह्य. चांगलं डिझेल आरपार दिसते. काय दिसलं ते लिही. अन् जावईबापूले माझं नाव घेऊन सांग की हा धंदा बंद करा. मी स्वतः आलो असतो, पण सासऱ्यानं दारात येऊन बोललेलं लागते.

रईसले नवीन फिल्टर टाकून दिलं, इंजेक्टर दुरुस्त केले, टाकी धुतली, अन् पंपाशिवाय कुठी भरायचं नाई अशी ताकीद दिली. तो म्हणे, काका, न थांबता गेलो तं जीजाजीले वाईट वाटते. मी म्हणलं, वाटू दे.

छकुलीले गोड पापा. उत्तराची वाट पाह्यतो.
सोमाजी

*

आलापल्ली,
१७ डिसेंबर २०२४

ती. बाबांना शि. सा. न.

तुमचं पत्र यांच्या हाती पडलं, मी वाचायच्या आधी. फार चिडले. म्हणे, तेलंगणाकडून येते ते, बायोडिझेल म्हणतात त्याले, अर्धा जिल्हा तेच टाकून चालते. म्हणे, तुझ्या बापाचा काळ गेला, अन् गाड्या बिघडल्या तं त्याचंच दुकान चालते, मग त्याले काऊन दुखते? हे मी लिहू नाई, पण तुमाले खोटं काय सांगू?

बाटली भरून ठेवली होती. सकाळी पाह्यलं तं खाली गढूळ थर अन् वरचंही स्वच्छ नाई, ताकाच्या पाण्यासारखं. यांच्या नजरेस पडायच्या आत नालीत ओतून दिलं.

मग संध्याकाळी हे शांत झाले. छकुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, आहे तेवढा माल संपू दे, मग बंद. मी विश्वास ठेवते, बाबा. तुमीही ठेवा. बाबूचाचांजवळ काही बोलू नका, एवढी विनवणी.

तुमची
रीता

*

राजुरा,
२४ डिसेंबर २०२४

चि. रीता,

अ. आ.

आपला रईस गेला.

तुले कोणाकडून तरी समजलंच असेल, पण नीट कोणी सांगतलं नसेल म्हणून लिहितो. शनिवारी सकाळी खाणीतून भरली गाडी घेऊन निघाला. जंगलात धुकं होतं. घाटाच्या वळणावर, चढावर, इंजिन बंद पडलं. त्यानं मागं रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकल्या, चाकाले दगड लावले, केबिन उचललं अन् फिल्टर खोलाले लागला. मागून सिमेंटची गाडी आली. धुक्यात तिले फांद्या दिसल्या नाईत. मयत आणली तेव्हा त्याच्या हातात पाना तसाच होता, बोटं तेलानं माखलेली. आंघोळ घालणारे म्हणत होते, तेल निघून नाई राह्यलं. ते ऐकून बाबूभाई उठला अन् आपल्या हातानं धुवाले बसला. जमीलाभाभी रडली नाई. अजून रडली नाई.

सिमेंटच्या गाडीचा ड्रायव्हर जिवतीकडचा पोरगा आहे, आदेश नावाचा. त्याले कोठडीत ठेवलं. विम्याचा माणूस येऊन बोलून गेला की गाडीची देखभाल नव्हती, म्हणून ती बंद पडली, चूक मालकाची. ज्या गाडीचं काम मी दहा-बारा दिवसांपूर्वी केलं तिच्याबद्दल बोलला तो.

काल मोटार निरीक्षक साहेब फिल्टर अन् पंप घेऊन दुकानात आले. कागदावर लिहून विचारलं की इंजिन काऊन बंद पडलं हे लेखी द्याल का. फिल्टर मी डोळ्यासमोर धरलं. तीच राळ. मी त्याईले दोन-चार दिवस मागितले.

शुक्रवारी तो तुमच्या दारावरून गेला असेल. त्यानं तिथं टाकी भरली का? हे तुझ्याशिवाय मले कोणी खरं सांगणार नाई. मी एकदाच विचारतो.

सोमाजी

*

आलापल्ली,
२८ डिसेंबर २०२४

ती. बाबा,

नमस्कार.

हो. भरली.

रईस आला तं आधीच म्हणाला की जीजाजी, टाकी अर्धी आहे, पुढं पंपावर भरतो, काकांनी तसं सांगतलं आहे. हे हसले, बरं म्हणले, जेव म्हणले. तो आत जेवत होता तेव्हा बाहेर ड्रमवरच्या मोटरपंपाचा आवाज आला. मी खिडकीतून पाह्यलं, हे त्याच्या टाकीत पाइप टाकून उभे होते. सासऱ्यानं आपल्या मालाले नावं ठेवली, याचा राग होता तो, बाबा. पोराचा राग नव्हता. रईस हात धुवून बाहेर आला, पाह्यलं. मले हळूच म्हणे, ताई, काकाले सांगू नको, उगाच घरात भांडण होईल. अन् गेला.

बातमी आली त्याच दिवशी यांनी ड्रम टेम्पोत टाकून ओळखीच्या गुणवंतरावांच्या धानाच्या गोदामात नेऊन ठेवले. शेड धुतलं. तेव्हापासून हे जेवत नाईत, पण बोलायचं तेवढं बोलतात. तुमाले लिहाले सांगून राह्यले की फिल्टर जुनं होतं, एवढंच लिहून द्या. म्हणे, बाबूभाईचा पोरगा तं परत येत नाई, छकुलीचा बाप काऊन घालवता? सासूबाईंनी आज माझे पाय धरले. त्या म्हाताऱ्या बाईनं माझे पाय धरले, बाबा.

मी काय करू ते सांगा. तुमी सांगाल ते करीन.

रीता

*

राजुरा,
२ जानेवारी २०२५

चि. रीतास,

अ. आ.

मी लिहून दिलं. जे डोळ्यानं पाह्यलं तेवढं लिहिलं. फिल्टर नवीन होतं अन् ते मी स्वतः टाकलं होतं. त्यात डिझेल नसलेलं तेल होतं, त्या तेलानं ते चोंदलं, म्हणून इंजिन बंद पडलं. गाडीची निगा बरोबर होती. खाली सही केली. साहेबानं लिहून विचारलं, तेल कुठी भरलं? मी लिहिलं, मी राजुऱ्यात बसतो, भरताना पाह्यलं नाई.

ते खरं आहे. पण त्या खऱ्याच्या आड मी माझ्या पोरीचं घर लपवलं, हेही खरं आहे. आणखी एक ओळ लिहायले पेन उचलला अन् ठेवून दिला.

संध्याकाळी बाबूभाई दुकानात येऊन बसला. आमी इतकी वर्षं शेजारी आहोत, माझ्या चेहऱ्यावर त्याले काय दिसलं असेल ते दिसलं असेल. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवाले गेला अन् मागं घेतला.

आदेशची आई रोज जिवतीहून येते. सुगंधाबाई नाव आहे. कोणी तिले सांगतलं की मेकॅनिकच्या लिहिण्यानं पोरगा सुटेल. ती दुकानासमोर उभी राहते, मी पाणी देतो, ती पिते अन् उभी राहते.

तू विचारलं काय करू. मी सांगणार नाई. मी सांगतलं तं उद्या तुले वाटेल की बापानं संसार मोडला, अन् नाई सांगतलं तं वाटेल की बापानं वाचवलं. दोन्ही वेळा तुझं त्यात काही राहणार नाई. पाह्यलं तू आहे. काहीही केलं तरी या घराचं दार तुले उघडं आहे, हे मात्र पक्कं समज.

सोमाजी

*

आलापल्ली,
९ जानेवारी २०२५

ती. बाबांना नमस्कार.

मंगळवारी मी ठाण्यात गेली अन् सगळं सांगतलं. गोदाम दाखवलं. ड्रम निघाले.

चोरून गेली नाई. आधी यांना सांगतलं. यांनी हात उगारला, तो तसाच वर राह्यला, मग खाली बसून रडले. म्हणे, रीता, मले वाटलं इंजिन खराब होतात, फार तं फार गाडी बंद पडते. डिझेलनं कधी माणूस मरते का? मी म्हणली, मरते, तुमी पाह्यलं. हे उत्तर मले आजही कठोर वाटते, पण दुसरं सुचलं नाई. यांना न्यायले पोलिसांची गाडी आली तेव्हा छकुली शाळेतून परत येत होती. तिनं बापाले हात केला. त्यांनीही केला.

सासूबाईंनी माझी पेटी अंगणात काढून ठेवली. त्यांचा राग मले समजते, त्यांचा एकच पोरगा आहे. शेजारणी दार लावून घेतात. ज्या ड्रायव्हरांनी इथून तेल नेलं तेही शिव्या देऊन जातात, मलेच.

बाबा, मी छकुलीले घेऊन येऊ का? तुमचं दार उघडं आहे ते ठाऊक आहे. पण आपली अन् बाबूचाचांची भिंत एकच आहे. सकाळी नळावर जमीलाचाची भेटेल. तिच्या समोर मी कोणत्या तोंडानं उभी राहू? तिले विचारल्याशिवाय मी येणार नाई. तुमी विचारा, अन् ती जे म्हणेल ते गोड न करता मले लिहा.

तुमची
रीता

*

राजुरा,
१४ जानेवारी २०२५

चि. रीतास अ. आ.

आदेश सुटला असं नाई, पण जामीन झाला. सुगंधाबाई आज आली नाई, म्हणून चौकशी केली तं समजलं.

तुझं पत्र घेऊन मी शेजारी गेलो. बाबूभाईनं वाचलं, भाभीले वाचून दाखवलं. मग तो बाहेर जाऊन उभा राह्यला. जमीलाभाभी माझ्या समोर येऊन बसली. मले ऐकू येत नाई म्हणून एवढ्या दुःखातही ती ओठ दिसतील असं, सावकाश बोलली. ती जे बोलली ते गोड न करता लिहितो.

म्हणे, भाऊ, पोरगी येऊ द्या. तिनं केलं ते तिच्या जागी मी केलं असतं का, मले ठाऊक नाई. लहान पोरीले घेऊन ती कुठी जाईल? पण तिले सांगा, मले चाची म्हणून हाक मारू नको. आत्ता नाई. नळावर मी आधी जाईन, ती मागून येईल. मी दार लावून घेतलं तं तिनं बाहेर थांबू नये. कधी उघडेल ते मलेच ठाऊक नाई. कदाचित उघडणारही नाई.

एवढं बोलून ती उठली. मग दारातून वळून विचारलं, पोरीच्या शाळेचं काय करणार?

मी म्हणलं, इथल्या शाळेत घालीन. तिनं मान हलवली अन् आत गेली. आतून पहिल्यांदा तिचं रडणं बाहेर उभ्या बाबूभाईले ऐकू आलं, ते मले त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानं हातानं मले जा म्हणलं.

तर असं आहे. तुले हे दारात समजू नये म्हणून आधी लिहिलं. पुढच्या गुरुवारच्या बसनं निघ. मी स्टँडवर उभा राहीन.

तुझा
बाबा