द्रोणातून तिलवाऱ्याला

रांझी, जबलपूर
मार्गशीर्षातला सोमवार

तीर्थस्वरूप इंदिरावन्सं यांना धाकट्या भावजयीचा, भानुमतीचा नमस्कार.

शिरसाष्टांग लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून आठही अंगं जमिनीला टेकत नाहीत, आणि टेकलीच तर मला उचलायला माणसं गोळा करावी लागतात. तेव्हा जेवढी टेकतात तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता बारीक अक्षरसुद्धा दिसतं असं ऐकलं, म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही. मागच्या वेळी मी नुसती तुमची तब्येत विचारली तर इकडे शेजारच्या घरातली माणसं काय झालं म्हणून धावत आली. अमरावतीला थंडी पडली असेल. छातीला तेल लावत जा. तुमचा श्रीरंग वेळेवर जेवतो ना? नसेल जेवत तर राहू द्या, पोट त्याचं आहे.

इकडे सगळे ठीक. मी तेवढी दमले आहे. वयानं नाही, वय तर रोजच वाढून राहिलं; मी माणसांनी दमले. तुमच्या भाच्यानं, म्हणजे माझ्या पोटच्या श्रीकांतनं, आठवडा झाला माझी नदी बंद केली आहे. हे गेल्यापासून मी सोमवारी आणि गुरुवारी शेजारच्या बेबीसोबत ऑटोनं ग्वारीघाटला जाते, नर्मदामैयात चार हात मारते, एक दिवा सोडते आणि घरी येते, हे तुम्हाला माहीत आहे. (लग्न होऊन आले तेव्हा वर्धा नदीत मुलांसारखी पोहणारी सून म्हणून तुम्हीच नाक मुरडलं होतं. मी विसरले नाही, पण आज ते काढत नाही.) त्या दोन सकाळी सोडल्या तर माझ्या आठवड्यात राहतं काय? मटार सोलायचे आणि टीव्हीतल्या सासवा पाहायच्या, आणि त्यातल्या एकीलाही धड सासूपण करता येत नाही. त्या दोन सकाळी गेल्या, आणि गेल्या कशापायी, तर एका घड्याळापायी.

घड्याळ सुमेधाचं. सुमेधा म्हणजे श्रीकांतची मुलगी, कॉलेजात असताना पोहण्याचे कप आणायची ती. (कप अजून आहेत, एकात मी सुया ठेवते.) आता तिनं असं काम धरलं आहे की कंपन्या तिला घड्याळं पाठवतात, ती एकेक हाताला बांधून पळते, पोहते आणि मग घड्याळ कसं आहे ते लिहून धाडते. ह्याला नोकरी म्हणतात हे मला अजून पटलेलं नाही, पण पगार बँकेत येतो, तेव्हा बँकेला पटलेलं दिसतं. आपल्या काळी घड्याळ वेळ सांगायचं आणि गप्प बसायचं. हे आपण किती पळालो सांगतं, किती पोहलो सांगतं, छाती कशी धडधडली सांगतं, रात्री झोप लागली की नाही तेसुद्धा सांगतं (मला झोप लागली नाही हे मला घड्याळानं सांगायचं!), आणि आपण कुठं आहो ते घरी बसलेल्या माणसाला फोनमध्ये नकाशावर दाखवतं. वेळ तेवढी त्यात शोधावी लागते. आणि हलकं किती, तर हातात घेतलं तेव्हा वाटलं, आतलं सामान भरायचंच राहून गेलं. मी म्हटलंसुद्धा, अगं, परत पाठव, रिकामं आलं. ती म्हणाली, आजी, हलकं असणं हीच तर त्याची खासियत आहे. बरं, असेल.

आता हे घड्याळ ज्या दिवशी आलं त्याच दिवशी पोरगी त्याचा डबा उघडत उघडत जिना उतरली आणि पायरी चुकली. पायाला प्लास्टर. कंपनीला पळणं आणि पोहणं दोन्ही हवं, आणि नाही जमलं तर काम इंदूरच्या कोण्या पोरीला जाणार. सुमेधा रडायला बसली. मला रडणं पाहवत नाही. दया येते असं नाही, आवाज सहन होत नाही. म्हणून मीच वाटणी करून दिली: पोहणं माझ्याकडे आणि पळणं बेबीच्या नवऱ्याकडे, मुरलीधरकडे. सुमेधा म्हणाली, "आजी, ये तो चीटिंग है." मी म्हटलं, कंपनी घड्याळ कसं आहे विचारून राहिली, हात कोणाचा आहे हे कुठं विचारलं? शेवटी कोणी घातलं होतं ते खाली खरं खरं लिहायचं, असं तिनं ठरवलं आणि रडणं थांबलं.

मुरलीधरचं आधी सांगते, थोडक्यात, कारण त्या घरात अजून बोलणं बंद आहे. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून हा माणूस पहाटे पळायला जातो आणि ते अख्ख्या कॉलनीला सांगतो. बेबी बिचारी त्याला बिनतेलाची भाजी करून घालते, की हृदय चांगलं राहावं. घड्याळ बांधून गेला, आला, सुमेधानं फोनमध्ये पाहिलं. निघाला तो थेट पोहे-जलेबीच्या टपरीवर, तिथं बराच वेळ हललाच नाही, आणि मग घरी आला तो अशा वेगानं की जगात अजून कोणी तसं पळालेलं नाही. दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून आला होता. सुमेधानं फोन लपवला असता, पण बेबी तिच्या खांद्यावरूनच पाहून राहिली होती. त्या दिवसापासून भाजी तर सोडाच, चहासुद्धा तो आमच्याकडे पितो.

आता माझं. मागच्या सोमवारी घड्याळ बांधून बेबीसोबत ग्वारीघाटला गेले. (पाटल्यांमुळे मी ते दंडाला वाकीसारखं बांधलं होतं, तर सुमेधा म्हणाली, तिथं नाडी लागत नाही. मग एक पाटली काढून मनगटाला. लग्नानंतर पहिल्यांदा काढली, साबण लावून.) पोहले. पाणी गार, पण पाण्यात गुडघे माझे नसल्यासारखे होतात, तेवढंच मला पाहिजे असतं. वर आले, लुगडं बदललं, फुलवालीकडून पानांचा द्रोण घेतला, त्यात झेंडू आणि दिवा. दिवा सोडताना हाताला पट्ट्याचं काही असू नये, ही तुमच्या आईंची शिकवण. काढलं घड्याळ. ठेवायचं कुठं? हात ओले, पिशवी बेबीकडे, बेबीचं तोंड मुरलीधरावर सुरू. ठेवलं द्रोणात, फुलांच्या कडेला, म्हटलं लगेच उचलते. इतक्यात बेबीनं विचारलं, "काहो मावशी, जलेबीत असं काय असतं जे माझ्या हातच्या पालकात नाही?" आता याचं उत्तर काय द्यायचं या विचारात मी दिवा लावला, सुमेधाचं काम टिकू दे म्हणून मैयाला हात जोडले, आणि द्रोण दिला सोडून. वजन जाणवलं असतं तर कळलं असतं. पण हलकं असणं हीच तर त्याची खासियत.

द्रोण गेला तो मधल्या धारेला लागला. मला मनगट मोकळं दिसेपर्यंत त्याचा ठिपकाही दिसेना. नावाडी म्हणाला, "अम्मा, अब तो वो तिलवारा में ही मिलेगा." तिलवारा म्हणजे धारेच्या खालच्या अंगाचा घाट, तेव्हा आम्ही ऑटो पाहायला लागलो. फोन दोघींकडेही नाही. माझा घरी चार्जिंगला, आणि बेबीचा मुरलीधरनं लपवलेला, की ती माहेरी सांगेल. ऑटोवाला मिळाला तोही सवाऱ्या भरल्याशिवाय हलेना. थंडीत कुडकुडत बसलो.

इकडे घरी काय झालं ते मला मागून कळलं. सुमेधा पाय उशीवर ठेवून फोन पाहत बसलेली. आजी पोहून राहिली, छान. मग आजी नदीच्या मधोमध गेली. मग आजी खाली खाली निघाली, एकसारखी, न थांबता, आणि छातीच्या जागी घड्याळ काहीच दाखवेना. द्रोणाला कुठली छाती? पण पोरगी किंचाळली. श्रीकांत ड्यूटीला निघत होता, सूनबाई मीरा शाळेत शिकवायला. दोघं स्कूटरवर बसले आणि तिलवाऱ्याला निघाले, कारण नकाशावर मी तिकडेच चालले होते.

आम्ही पोचलो तर घाटावर ही गर्दी. एका बाईला विचारलं, तर म्हणाली, "कोई बुढ़िया बह गई रांझी की. बेटा-बहू आए हैं, बेचारे." मला वाईट वाटलं, वन्सं. आपल्याच भागातली, ओळखीची असायची, म्हणून मी मनात एकेक म्हातारी मोजली, की कोण असेल बाई. नावाडी सगळे वरच्या अंगाला शोधायला गेलेले. मान लांब करून पाहते तर पायरीवर आमची मीरा, रडून रडून लोकांना सांगून राहिली की माँजींना किती वेळा मना केलं. (एकदाही केलेलं नाही.) आणि श्रीकांत गळ्यात फॅक्टरीचा पास लटकवून, कानाला फोन लावून पाण्याकडे पाहत होता. फोनमधून सुमेधा ओरडत होती, पापा, ती अगदी तुमच्या समोर आहे! समोरून झेंडूचा द्रोण आला. माझ्या पोराला फुलं दिसली नाहीत की काय दिसलं देव जाणे, त्यानं फोन टाकला आणि बुटांसकट उडी मारली.

श्रीकांतला पोहता येत नाही. लहानपणी शिकवायला नेलं तर घाटावरच्या मंदिरात लपून बसायचा. दोनदा वर आला, तिसऱ्यांदा नुसता हात आला. मी पिशवी त्या बाईच्या हातात दिली, जिनं मला मी वाहून गेल्याची बातमी दिली होती, आणि उतरले. कॉलर धरली. त्यानं मान वळवून मला पाहिलं आणि घाबरून आणखी पाणी प्याला. मी म्हटलं, मी जिती आहे, हात झाडू नको. तेव्हा कुठं हलका झाला. ओढत पायरीला आणला. द्रोण बेबीनं काठीनं ओढला. दिवा विझला होता, घड्याळ चालू होतं.

आता सांगा, या सगळ्यात बुडालं कोण? आणि नदी बंद कोणाची? घरी आल्यावर रजई पांघरून, आल्याचा चहा पीत तुमचा भाचा मला म्हणतो, आई, आता पुरे, तुला काही झालं असतं म्हणजे? मी बोलले नाही. मला दम लागला होता. तेव्हापासून ऑटोवाल्यालाही त्यानं सांगून ठेवलं आहे की अम्मांना घाटावर न्यायचं नाही. मी मटार सोलून राहिले.

तब्येतीला जपा. श्रीरंगाला आशीर्वाद.

तुमची
भानुमती

ता. क. तुम्ही श्रीकांतला फोन करा आणि माझी नदी मोकळी करायला सांगा. आत्याला तो उलटून बोलत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही ही यात सोयच आहे. तुम्ही बोला आणि ठेवून द्या.

दुसरा ता. क. कंपनीनं विचारलं होतं की सोमवारी एवढं लांब, एवढं संथ आणि छाती न धडधडता कोण पोहलं. सुमेधानं द्रोण, झेंडू सगळं खरं लिहून कळवलं. ते म्हणाले, हेच लिहा, फक्त पोहणं पुन्हा एकदा होऊ द्या, कोणीही घाला, पण हातात घाला. तर ते एक अडून आहे.

शेवटचा ता. क. श्रीकांत, पोस्टात टाकायच्या आधी तू हे वाचशील हे मला माहीत आहे, म्हणून मी डिंक लावलेला नाही. वर मी काहीही लिहिलं असलं तरी आत्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर आहे, तोवर तिला कोऱ्या कागदात आणि ह्यात काही फरक दिसायचा नाही. पोहता येत नाही हे तुला ठाऊक होतं, तरी तू उडी मारली. त्यावर मी तेव्हा बोलले नाही आणि आताही बोलणार नाही. गुरुवारी सकाळी स्कूटर काढ. जुनी हाफपँट घाल, बूट घरी ठेव. पायऱ्यांजवळ पाणी कमरेएवढंच आहे आणि कॉलर धरायला मी आहे. घड्याळ तुझ्या हाताला बांधायचं, सुमेधाला विचारून ठेवलं आहे. दिवा या खेपेला बेबी सोडेल.