पाचव्या प्रश्नाचं उत्तर

पेनाल, त्रिनिदाद
३ फेब्रुवारी १९९१

चि. मिंटी हिस,
विंद्रादीदीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मिळालं. पप्पांनी ते व्हरांड्यात उभं राहून मोठ्यानं वाचलं, म्हणजे समोरच्या रोटीच्या दुकानालाही कळावं की रामसुभागांची डॉक्टर शेवटची परीक्षा पास झाली. मला वाटलं, आता घडी घालून ठेवतील. कसलं! चुलतमामा आले तेव्हा पुन्हा वाचलं.

बैठकीच्या भिंतीवर खिळा मारून झालाय. सर्टिफिकेट यायचंय अजून, पण खिळा आला. तिथं माझा शिक्षिका झाले तेव्हाचा फोटो होता, तो आता फ्रीजवर आहे. घरात तुझं मार्लीन हे नावच उरलं नाही. मा, पप्पा, शेजारची मंडळी, सगळ्यांच्या तोंडी आपलं डॉक्टर, डॉक्टर. मी मेले तरी म्हणणार नाही हं! माझ्या दप्तरातल्या पुदिन्याच्या गोळ्या चोरून खायचीस म्हणून मिंटी हे नाव मी ठेवलं, आणि ते माझ्याशिवाय कुणी वापरलेलं मला आजही खपत नाही.

आता कामाचं. तुझ्या नोंदणीच्या अर्जातला तो पाचवा प्रश्न, कोर्टानं कधी दोषी ठरवलं आहे का, तो वाचून पप्पांचा आवाज एकदम बसला. मग तेच म्हणाले की पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मी स्वतः जाऊन आणलाय, त्यावर एक अक्षर नाही. सात वर्षांपूर्वीचं मायारोच्या कोर्टातलं प्रकरण. पोरगी एकोणीस वर्षांची होती, दंड भरला, वर्षभर लायसन्स गेलं, संपलं. जमैकात बसलेल्या साहेबांना ते कोण सांगायला जातंय? तिला म्हणावं सरळ 'नाही' लिही.

मलाही तसंच वाटतं. 'नाही' लिही आणि मोकळी हो. गाडी चालवायला तुला मीच शिकवलं होतं, तेव्हा एवढा सल्ला द्यायचा मला हक्क आहे. लोभ ठेव, डॉक्टर झालीस तरी.

तुझी,
विंद्रादीदी


किंग्स्टन, जमैका
१६ फेब्रुवारी १९९१

ती. विंद्रादीदीस,
सा. न. वि. वि. तुझा फोटो फ्रीजवर गेला हे वाचून मला फार राग आला. पप्पांना सांग, तो जागेवर लावल्याशिवाय मी माझं सर्टिफिकेट पाठवणार नाही.

अर्ज अजून टेबलावर आहे. चार प्रश्नांची उत्तरं लिहून झाली. पाचव्यापाशी आले की उठून चहा करते. इथली एक सीनियर सांगते की 'हो' लिहिलंस तर समितीपुढं बोलावतील, आणि दोन वर्षांपूर्वी एकाला तशाच कारणावरून परत पाठवलं होतं. 'नाही' लिहिलं आणि पुढं कधी उघड झालं, तर मात्र आयुष्यभर डॉक्टरकी नाही. सहा वर्षं, दीदी. सहा वर्षं मी इथं उकडलेली हिरवी केळी खाऊन काढली.

हाडांच्या वॉर्डात काम होतं तेव्हा एक कोळी आला होता, कोपरात हात मोडलेला. मी त्याचा हात धरला आणि मला मिस्टर ऑगस्टीन आठवले. ईस्टरचा सोमवार, मायारोचा किनारा, पप्पांची निळी गाडी, आणि माझ्या पोटात रम. त्यांची नारळाची हातगाडी रस्त्याच्या अगदी कडेला होती गं, तरी मी जाऊन धडकले, चूक सगळी माझीच. कोर्टात ते म्हणाले होते की पोरगी लहान आहे, जाऊ द्या. मागच्या सुट्टीत मी कुणाला न सांगता त्यांना भेटून आले. डावा हात अजून सरळ होत नाही, कोयता उजव्यानं चालवतात. मला नारळ फोडून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मी तो प्याले कशी, मलाच माहीत.

एक सांगू? हसशील. मला तुझा हेवा वाटतो. माच्या प्रत्येक पत्रात तूच असतेस. विंद्रानं पाय चेपले, विंद्रानं साखरेची सुई दिली, विंद्राच्या हातची सुई दुखत नाही. मी शेकडो लोकांना सुया दिल्या, पण माला एकही नाही. बाजारातून येताना तुम्ही दोघी गाडीवर उभ्या राहून छोले भरलेले डबल्स खात असाल, मिरची जास्त घातली म्हणून मा त्या माणसाशी भांडत असेल, हे डोळ्यांपुढं आलं की माझा अभ्यास संपतो.

तू माझ्या जागी असतीस तर काय लिहिलं असतंस? पप्पांचं मत कळलं. मला तुझं, खरं खरं, हवंय. माला आणि पप्पांना नमस्कार.

तुझी,
मिंटी


पेनाल
२७ फेब्रुवारी १९९१

चि. मिंटी हिस,
आशीर्वाद. वि. वि. रविवारी तुझ्या नावानं पूजा झाली. अंगणात बांबूवर नवी लाल झेंडी लागली. दीडशे माणूस जेवलं. मी पहाटेपासून पुरी लाटत होते, भोपळा चिरत होते. शाळेत लागून मला अकरा वर्षं झाली, पण माझ्या नोकरीची झेंडी कधी लागल्याचं आठवत नाही. तुला आठवतंय का?

कुवाहून आलेल्या एका मावशीनं माला विचारलं, मुली किती? मा म्हणाली, दोन, एक डॉक्टर आहे. आणि दुसरी? तर मा काय म्हणाली माहितेय? ती घरीच असते. मी पाच पावलांवर भाताचं पातेलं धरून उभी होते. मिंटी, मी घरी असते! अडतीस पोरांना रोज वाचायला शिकवते ते कोण मग?

तुला माझा हेवा वाटतो म्हणतेस. सुई टोचण्याचा? बदलून घेऊ या की. तू ये इकडं, मी जाते तिकडं. माझेही मार्क काही कमी नव्हते, पण पप्पा म्हणाले, मोठीनं घर बघावं. तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस आणि पुदिन्याची गोळी चघळत बघत होतीस.

जाऊ दे. डोकं तापलंय, शब्द मनावर घेऊ नकोस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच दिलंय. 'नाही' लिही. मी असते तर तेच लिहिलं असतं. आज शाळेच्या ऑफिसात टाइपरायटर रिकामा होता, थोडं काम उरकलं. आता पोस्टात जाऊन येते. माची साखर वाढलीय, पूजेचा प्रसाद किती खाल्ला ते बघायला कुणी नव्हतं ना! कळव.

विंद्रादीदी


किंग्स्टन
२ एप्रिल १९९१

ती. दीदीस,
सा. न. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर द्यायला बसायची आणि कागद फाडायची. आज लिहून टाकते.

मी 'हो' लिहिलं होतं. तुझं पत्र यायच्या आधीच अर्ज दिला होता. मिस्टर ऑगस्टीनचं नाव, त्यांचा हात, रम, सगळं लिहिलं. मागच्या मंगळवारी समितीनं बोलावलं. लांब टेबल, तीन माणसं, मधे एक वयस्कर बाई. अर्धा तास विचारत होते. शेवटी बाई म्हणाल्या की नोंदणी मिळेल; पहिलं वर्ष एका वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करायचं, आणि पुन्हा दारू पिऊन गाडीला हात लावलास तर कायमचं बंद. मी तिथंच रडले.

मग त्यांनी एक पाकीट पुढं सरकवलं. टाइप केलेलं निनावी पत्र. कुमारी मार्लीन रामसुभाग हिनं १९८४ साली काय केलं ते सगळं बरोबर होतं. आणि शेवटची ओळ अशी होती की तिला समोर बसवून विचारा, मिंटीला खोटं बोलता येत नाही.

बाईंनी विचारलं, मिंटी कोण? मी म्हणाले, मीच. मग विचारलं, या नावानं तुला कोण हाक मारतं? मी म्हणाले, जगात एकच माणूस, माझी मोठी बहीण. ती शिक्षिका आहे. मी घाबरून खोटं लिहीन अशी तिला धास्ती होती, म्हणून तिनं हे पाठवलं. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, नशीबवान आहेस, घरी असं माणूस असायला.

दीदी, दोन्ही पाकिटांवर पेनालचा एकाच दिवसाचा शिक्का आहे. एकात तू मला 'नाही' लिहायला सांगितलंस. मी ऐकलं असतं तर आज माझी बॅग भरलेली असती. तीन दिवस मी जेवले नाही. तुझा इतका राग आला की तुझं जुनं पत्रही कपाटात ठेववेना. तरी राहून राहून ती शेवटची ओळ आठवते. मला बुडवायला बसलीस, तेव्हासुद्धा तुला मला मार्लीन म्हणायचं शेवटपर्यंत जमलं नाही.

पप्पांना आणि माला काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. उत्तर लिही किंवा लिहू नकोस. माची साखर तेवढी कळव.

मिंटी


पेनाल
१४ एप्रिल १९९१

चि. मिंटी हिस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण दुसरं काय लिहू? माची साखर उतरली. रोज सकाळी मोजते.

होय, मीच. झाकून काय उपयोग! भाताचं पातेलं खाली ठेवलं तेव्हाच माझ्या मनात आलं, आणि तीन दिवसांत तो विचार गेला नाही. तुला पुन्हा तोच सल्ला दिला तो मुद्दाम, तू खोटं लिहावंस आणि पकडली जावीस म्हणून. पोस्टाच्या पेटीत दोन्ही पाकिटं टाकली आणि घरी येऊन पोटभर जेवले. मला वाटलं होतं, रात्रभर तळमळेन. छान झोप लागली गं. तेच आता सहन होत नाही.

परवा शाळा सुटल्यावर बस पकडून मायारोला गेले. मिस्टर ऑगस्टीनना सांगितलं, तुमचा हात मोडणारी पोरगी डॉक्टर झाली. ते म्हणाले, मला माहीत आहे, तिनं स्वतः पत्र पाठवलंय. मलाही त्यांनी नारळ फोडून दिला, आणि पैसे माझ्याकडूनही घेतले नाहीत.

फोटो पप्पांनी परत लावला होता, तुझ्या खिळ्याच्या शेजारी. मी काढून ठेवला. काही दिवस फ्रीजवरच बरा.

लहानपणापासून मला तुझा हेवा वाटत आला. मार्कांचा, जमैकाचा, झेंडीचा, भिंतीवरच्या खिळ्याचा. आता वाटतं, तो सगळा किरकोळच होता. मिंटीला खोटं बोलता येत नाही, असं मीच टाइप केलं होतं ना? स्वतःची डॉक्टरकी वाचवायला तू एक अक्षर खोटं लिहिलं नाहीस, आणि मला वाचवायला त्या तिघांसमोर धडधडीत खोटं बोललीस. मला हे जन्मात जमलं नसतं. खरा हेवा मला याचा वाटतो.

राग जाईल तेव्हा जाईल, घाई नाही. पण पत्राखाली मिंटी म्हणून सही करायचं सोडू नकोस.

तुझी,
विंद्रा