क्रिस्पुलोच्या दारातला निर्दोष खेळ

चि. एउफ्रोनियो,

तुझ्या मानांगचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, आशीर्वाद. कंबर कशी आहे? गरम पाण्याने शेक, आणि बायकोला दोष देऊ नकोस, खुर्ची तूच उचलली होतीस. इकडे सगळे खुशाल. फक्त आपल्या तेलेस्फोराचा नवरा क्रिस्पुलो गेला. (तोही तसा खुशालच दिसतो. लग्नातला शर्ट त्याला आता कुठे नीट बसला.) दफन शनिवारी. मात्र शवपेटीचे उरलेले आठ हजार पेसो तोवर दिले नाहीत, तर पेटीवाला पेटी परत नेणार आहे. आत कोण आहे याच्याशी आपला संबंध नाही, असं तो म्हणतो.

आता झालं असं. तिच्या अंगणात, मयताच्या जागरणाच्या रिवाजाप्रमाणे, रंगांचा पट मांडला होता. सहा रंग, तीन फासे. आपल्या रंगाचा एक फासा पडला तर लावले तेवढे वर मिळतात, दोन पडले तर दुप्पट, तीन पडले तर तिप्पट. एकही नाही पडला तर लावलेले गेले. लोकांना वाटतं, सहा रंगांना तीन फासे, म्हणजे निम्म्या वेळा आपण जिंकणार. (यातल्या बहुतेकांना गणित मीच शिकवलं आहे. असो.) मी हिशेब मांडला. फासे दोनशे सोळा तऱ्हांनी पडू शकतात. दर वेळी एक पेसो लावला, तर एकशे पंचवीस जातात आणि येतात फक्त एकशे आठ. सरासरी शंभराला आठ पेसो पट मांडणाऱ्या घराच्या खिशात! प्रेताच्या दारात ही लूट? मी तिथल्या तिथे नियम बदलला: दोन फाशांना तिप्पट, तीन फाशांना पाचपट. आता येणे एकशे पंचवीस, जाणेही एकशे पंचवीस. इतका निर्दोष खेळ या प्रांतात कोणी पाहिला नसेल.

परिणाम भयंकर झाला. कोणी धड हरेना, म्हणून कोणी उठेना. पाहुण्यांना निरोप देणं तर अशा घरी निषिद्धच. बिस्किटं संपली, कॉफी संपली, आणि पेटीसाठी एक पेसो जमला नाही. शेवटी क्रिस्पुलोचा भाऊ पासिफिको माझ्यावर उखडला. “मॅम, आम्ही काय जिंकायला बसतो होय इथे? वहिनीच्या हातात पाकीट ठेवून बघा, तोंडावर फेकेल. पटावर हरलेले तेवढे ती मुकाट्याने घेते. तुम्ही आमचं हरणंच बंद केलंत!” खाटीकबाई म्हणाली, “शिकलेल्या माणसांना मयताला बोलावूच नये.” (तिला मी दोनदा नापास केलं होतं. योग्यच केलं होतं.)

मी जुना नियम परत आणला आणि चार पैसे हरावे म्हणून स्वतः बसले. तर मी जिंकतेच आहे! सरासरीला आपलं खरं करायला पुष्कळ खेळ लागतात, आणि शनिवार परवा आहे. सगळे माझ्याकडे चोरासारखे बघतात. जिंकलेले अडीच हजार तेलेस्फोराला परत द्यायला गेले, तर ती म्हणाली, “मी काय भिकारीण आहे? ठेवा तुमचे!” पेटीवाला फाटकाशी हातगाडी घेऊन उभा आहे.

बाकी सर्व ठीक. तब्येत सांभाळ.

तुझी मानांग
फ्लोर्देलिसा

ता.क. : ही चिठ्ठी आजच्याच बसवाल्याच्या हाती पाठवते आहे; उद्याच्या बसने दहा हजार घेऊन ये. गावच्या बारंगाई पंचायतीच्या निवडणुकीत एकटाच उभा राहून पडलेला माणूस आपल्या घराण्यात तूच आहेस. तेलेस्फोराला सांग, सहज खेळायला आलो.

ता.क. दुसरा : फसशील अशी शंका मनात आणू नकोस. खेळ अन्यायाचाच आहे. मी स्वतः तपासला आहे.